सत्यशीलाचा धंदा आणि आबांचा आकडा

सत्यशीलाला नाही म्हणायला छान जमतं. नाही ऐकून घ्यायला मात्र तिला कुणी शिकवलंच नाही. लग्न होऊन ती चितेगावात आली तेव्हा तिथल्या एका कारखान्यात पॅकिंगला बाया घेतात असं तिच्या कानावर आलं. ठेकेदार म्हणाला, जागा नाही. ही दुसऱ्या दिवशी सकाळी जेवणाचा डबा घेऊनच गेटवर हजर. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच. शेवटी ठेकेदारच कंटाळला आणि म्हणाला, बाई, बाहेर उभं राहण्यापेक्षा आत येऊन काम तरी करा. आत गेलेली सत्यशीला पुढं पॅकिंगच्या सगळ्या बायांची मुकादम होऊनच बाहेर पडली.

जन्म तिचा खुलताबादच्या डोंगराखालच्या धनगरवस्तीतला. बाप मुंजाबा, उभं आयुष्य मेंढरांमागं काढलेला. आई लवकर गेली. धाकटा भाऊ रामप्रसाद हिच्याच कडेवर वाढला. बारावी पास झालेली वस्तीतली ती पहिली मुलगी, आणि ही गोष्ट ती कुणी विचारलं नाही तरी सांगते. सांगू दे. मिरवायला फार काही नसलेल्या माणसांनी आहे ते झाकून ठेवावं, असं कुठं लिहिलंय?

तिचा धंदा लेंडीखताचा. मेंढरांच्या लेंड्या वाळवायच्या, बडवायच्या, चाळायच्या आणि लहान पिशव्यांत भरून शहरातल्या गच्च्यांवर, गॅलऱ्यांत कुंड्या मांडणाऱ्या लोकांना विकायच्या. सुरुवात मात्र तिच्या नवऱ्यानं केली, तीही अजाणता. सोमनाथ लोडिंग रिक्षा चालवतो. शहरातल्या उस्मानपुऱ्यात मीनाक्षीकाकूंच्या गच्चीवर तो कुंड्या पोचवायला गेला, तर काकू जास्वंदीकडं बघून चडफडत होत्या. महागाचं खत घालूनही बाई फुलायला तयार नव्हती. सोमनाथ बोलून गेला, आमच्या सासऱ्याच्या मेंढरांचं लेंडीखत टाकून बघा. काकूंनी नाक मुरडलं, पण पोतंभर मागवलं. दोन महिन्यांत जास्वंद अशी काही लगडली की शेजारणी फुलं मागायला येऊ लागल्या. हातच्या कांकणाला आरसा कशाला? त्यात काकूंच्या तोंडात तीळ भिजत नाही. गल्लीला कळलं, गल्लीकडून कॉलनीला कळलं, आणि सत्यशीलाचा फोन वाजायला लागला.

कारखान्यातलं काम सोडून ती पूर्णवेळ ह्यात पडली तेव्हा लोक हसले. लेंड्या विकून कुणी मोठं झालंय का, म्हणाले. सत्यशीलानं पिशवीवर छापायला मेंढराचं एक झकास चित्र काढून घेतलं आणि तोंड टाचून पिशव्या पाठवत राहिली. माल कसलाही असो, पिशवीचं तोंड सरळ शिवलेलं पाहिजे, हे कारखान्यानं तिला शिकवलं होतं. अडचण गिऱ्हाइकांची नव्हतीच. बडवून बडवून मनगटं सुजायची, आणि पावसाळ्यात उघड्यावरचा माल भिजून लगदा व्हायचा. दळायचं मशीन हवं होतं, पत्र्याची शेड हवी होती. ह्या वर्षी नाहीतर पुढच्या, असं ती म्हणत होती, तेवढ्यात रामप्रसादनं मेंढरं विकायचा विषय काढला.

त्याचंही खोटं नव्हतं. त्याला एमआयडीसीत काम लागलं होतं. मुंजाबाचे गुडघे चढावर बोलायला लागले होते. रानात हिंडणार कोण? मुंजाबा यावर हो म्हणाला नाही की नाही म्हणाला नाही. फक्त त्याचं जेवण अर्ध्यावर आलं, आणि ते सत्यशीलाला माहेरी पाऊल टाकल्या टाकल्या दिसलं. मेंढरं गेली तर धंदा जाईल, ते तिनं सोसलं असतं. बाप मेंढरांशिवाय संध्याकाळी दारात बसलेला तिला डोळ्यांपुढं येईना, आणि आला की पाहवेना.

भाऊबीजेला तिनं रामप्रसादला ओवाळलं. तो गमतीत म्हणाला, "आक्का, ताटात काय घालू?"

"मेंढरं घाल," ती म्हणाली.

तो हसला, मग तिचं तोंड बघून थांबला. "आक्का, तुज्या धंद्याला बँक पैसे देत आसंल तर ठिवू मेंढरं. चारायला गडी लावू. नाय दिले तर संक्रांत झाली की यापाऱ्याला बोलवणार. मंग तू मधी बोलायचं नाय."

"नाय बोलणार," सत्यशीला म्हणाली, आणि ताटातली सुपारी उचलून त्याच्या हातात ठेवली. मुंजाबा उंबऱ्यापाशी जाळीची गाठ मारत बसला होता. कळप त्याचा आणि बोलणी दोघा लेकरांची, पण त्यानं मान वर केली नाही.

बँकेत जायचं तर धंद्याचा आराखडा लिहून न्यावा लागतो. सत्यशीला तो लिहायला मीनाक्षीकाकूंकडं जाऊन बसली. काकूंनी सारी नोकरी एका सहकारी बँकेच्या कर्जविभागात काढली होती. लोकांचे आराखडे वाचून त्यांना परत पाठवण्यात त्यांची हयात गेली, आणि निवृत्तीनंतर ही हौस भागवायला घरात अनंतरावांशिवाय कुणी उरलं नव्हतं. अनंतराव म्हणजे त्यांचे यजमान. सत्यशीलाला बघून अनंतराव मनापासून खूश झाले आणि चहा टाकायला आत गेले.

"तुझं खत कोण घेणार?" काकूंनी सुरुवात केली.

"सगळे घेत्यात की, काकू."

"'सगळे' नावाचं गिऱ्हाईक मी बँकेत कधी पाहिलं नाही. नाव, गाव, घर सांग."

सत्यशीलानं डोळे मिटले आणि सांगायला लागली. गच्चीवर बाग करणाऱ्या निवृत्त बाया. गॅलरीत तुळस आणि कढीपत्ता लावणाऱ्या नव्या सुना. दोन नर्सऱ्या. एक शाळा. एक डॉक्टर, ज्याला गुलाबाचं वेड. काकू भराभर लिहीत होत्या. मग त्यांनी विचारलं, ह्या धंद्यात तुझा स्पर्धक कोण?

"माजा बाप," सत्यशीला म्हणाली.

काकूंचं पेन थांबलं. सत्यशीलानं समजावून सांगितलं. सुगी झाली की शेतकरी मुंजाबाला कळप रात्रीपुरता रानात बसवायला बोलावतात. रानाला आयतं खत मिळतं, मुंजाबाला ज्वारी मिळते. म्हणजे तेवढे दिवस लेंड्या शेतकऱ्याच्या, सत्यशीलाला काही नाही. काकू इतक्या हसल्या की अनंतराव चहाची गाळणी हातात घेऊन बाहेर डोकावले. मग त्या गंभीर झाल्या आणि म्हणाल्या, हे लिहायचंच. कोणत्या महिन्यात माल येणार नाही हे जो आधीच सांगतो, त्याच्यावर बँक विश्वास ठेवते. सत्यशीलाला हे पटलं. लिहिता लिहिता तिला स्वतःचा धंदा पहिल्यांदाच पुरता दिसत होता, आणि तो तिला आवडला.

"आता सांग, मेंढ्या किती?"

इथं घोडं अडलं. सत्यशीलाला ठाऊक नव्हतं. पिशव्या, पोती, गिऱ्हाइकं सगळं तोंडपाठ असलेल्या बाईला बापाची मेंढरं किती हे ठाऊक नव्हतं, कारण मुंजाबाच्या घरात ती कधी मोजलेलीच नव्हती. पाहुण्यानं विचारलं तर मुंजाबा म्हणायचा, हायेत. सरकारी माणूस गणतीला आला की म्हणायचा, चाळीसेक. त्याचा बापही चाळीसेकच म्हणायचा. दुष्काळात चाळीसेक, सुगीत चाळीसेक. सत्यशीला त्या आकड्यासोबत वाढली होती. तिनं तोच सांगितला, काकूंनी तोच लिहिला. एवढ्या चतुर दोन बाया, पण दोघींनाही शंका आली नाही.

शंका आली ती बँकेतल्या सुयशला. हा कर्जाचे अर्ज तपासणारा तरुण अधिकारी, चष्मा नाकावर ढकलत वाचणारा. त्यानं आराखडा नीट वाचला, मान डोलावली, पिशवीचं चित्र बघून हसलाही. मग कॅलक्युलेटर ओढला, आणि हसू विझलं.

"ताई, तुम्ही महिन्याला जेवढी पोती लिहिलीत, तेवढी चाळीस मेंढ्यांत कशी निघतात? त्या मेंढ्या आहेत की म्हशी?"

सत्यशीला म्हणाली, पोती खरी आहेत, गिऱ्हाइकांना फोन लावून विचारा.

"पोती खरी असतील, तर मेंढ्या खोट्या आहेत. कुठंतरी पाणी मुरतंय." तो तुसडेपणानं बोलला नव्हता, आणि हिशोब त्याचा बरोबर होता. सत्यशीलाला ते तिथल्या तिथं कळलं, म्हणून तर तिला जास्त राग आला. सुयश म्हणाला, मी गुरुवारी वस्तीवर येतो. कळपाच्या मालकालाही अर्जावर सही करायची आहे, तेव्हा त्यांनी माझ्यासमोर आकडा सांगावा आणि मी मोजून घेईन. दोन्ही जुळलं तर अर्ज पुढं पाठवतो. नाही जुळलं तर माझाही इलाज नाही.

दुसऱ्या दिवशी सत्यशीला डोंगरावर गेली. थंडीचे दिवस, गवत पिवळं पडलेलं. मुंजाबा दगडावर बसला होता आणि कळप उतारावर पसरला होता. तिनं भाकरी सोडली, त्याला वाढलं, आणि तो जेवत असतानाच विषय काढला.

"आबा, आपली मेंढरं किती हायेत?"

"हायेत की."

"आकडा सांगा. बँकेला लागतोय."

मुंजाबाचा घास हातातच राहिला. "मोजू नाय, पोरी. मोजलं की नजर लागती. घरात लेकरं मोजतंय का कुणी?"

"रेशनकार्डावर मोजलीच की आमाला. मेलो का आमी?"

उत्तर बिनतोड होतं, पण बिनतोड उत्तरानं माणूस हलतोच असं नाही. तिनं नाना तऱ्हेनं समजावलं. शेडचं सांगितलं, मशीनचं सांगितलं, रामप्रसादनं घातलेली अट सांगितली. मुंजाबा शेवटी एवढंच बोलला, "तू बी आकडाच मागाया आलीस." तिला त्याचा अर्थ तेव्हा लागला नाही. तिला वाटलं, म्हातारपणीचा हट्ट आहे.

उतरताना तिच्या मनात आलं, आपणच मोजावं. डोळे आहेत, आकडे येतात, विचारायचं कशाला? ती एका झुडपाआड उभी राहून मोजायला लागली. थोडी मेंढरं मोजून झाली आणि तिची जीभ जड झाली. नजरबिजर ती मानत नव्हती. पण बापाच्या पाठीमागं त्याची मेंढरं मोजणं तिला चोरी वाटलं, आणि ती तशीच खाली आली.

वाटेतच काकूंचा फोन आला. काकू म्हणाल्या, पोत्यांवरून उलटा हिशोब कर आणि मेंढ्यांचा अंदाजे आकडा टाक. सत्यशीलानं नाही म्हटलं. ते तिला जमतंच. ती म्हणाली, "काकू, कळप आबांचा हाय, तर तोंड बी आबांचंच पायजे. त्यांनी बोललं तर बोललं."

"आणि नाही बोलले तर?"

"बोलतील," सत्यशीला म्हणाली. तिला खात्री होती. कशाच्या जोरावर, ते मात्र तिला सांगता आलं नसतं.

गुरुवारी सुयश आला. पॉलिश केलेले बूट घालून तो लेंड्यांतून पाय उचलत चालत होता. रामप्रसादनं सुट्टी टाकली होती. मुंजाबानं धुतलेलं धोतर आणि लाल पागोटं चढवलं होतं, आणि मेंढरं अजून वाघरीत, म्हणजे त्यांच्याभोवती लावलेल्या जाळीच्या आतच ठेवली होती. सत्यशीलाला बरं वाटलं. म्हातारा तयार दिसत होता.

"बाबा, कळप तुमचाच ना?" सुयशनं विचारलं.

"व्हय."

"किती आहेत?"

"हायेत."

सुयशनं सत्यशीलाकडं बघितलं, मग स्वतःच जाळीपाशी जाऊन बोट नाचवत मोजायला लागला. मेंढरं काय, एका जागी थांबतात होय? तो मध्यावर पोचला की अख्खा कळप गिरकी घ्यायचा आणि मोजलेली न मोजलेल्यांत मिसळायची. दोनदा त्यानं पहिल्यापासून सुरुवात केली. तिसऱ्यांदा तो घामाघूम होऊन म्हणाला, "बाबा, एकेक बाहेर सोडता येतील का? मी हात लावून मोजतो."

हे ऐकलं आणि मुंजाबाचा चेहराच उतरला. तो सत्यशीलाकडं वळला.

"ह्यो यापारी हाय का?"

"नाय आबा. बँकेचे साहेब हायेत."

"पोरी, मला फसवू नगंस." त्याचा आवाज चढला नाही, उलट बसला. "माज्या आज्यानं मेंढरं मोजली तवा मी लहान हुतो. हितंच. यापारी वाघरीच्या तोंडाशी हुभा. एकेक मेंढरू भाईर काढायचं, पाठीवर हात ठिवायचा, आकडा बोलायचा. शेवटला आकडा बोलला अन् वाघर रिकामी. आजा घरात जाऊन निजला तो दोन दिस उठला नाय. मंग माज्या बापानं दोन कोकरांवरनं पुन्यांदा कळप केला, पर जल्मात कवा मोजला नाय. आपल्यात मेंढरं एकदाच मोजत्यात, इकायच्या दिवशी. तू आली अन् आकडा मागाया लागली. मला वाटलं, तुमी भाऊ-बहिणीनं मिळून ठरिवलं."

आता सत्यशीलाला उमगलं. नजर लागते हे त्यानं लोकांना सांगायला ठेवलेलं कारण होतं. खरं कारण हे होतं, आणि ते त्यानं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. गिऱ्हाइकाला काय हवं, काय नको, हे खोदून खोदून विचारणारी ती, बापाला एकदाही विचारायला बसली नव्हती. तिला फार लाज वाटली. रामप्रसाद जाळीचा खुंट धरून खाली बघत उभा होता.

"आबा," ती म्हणाली, "ही मोजणी इकायची नाय. ठिवायची हाय."

"ठिवायला मोजत्यात व्हय?"

"बँक मोजती. मेंढरं हायेत असं दिसलं तरच पैसे देती."

मुंजाबाला काही ते पटेना. जो मोजतो तो नेतो, एवढंच त्याला माहीत होतं. शेवटी सुयश पुढं आला. धीर देण्यात तो फारसा वाकबगार नव्हता, म्हणून त्याला बँकेत जे सांगायची सवय होती तेच त्यानं सांगितलं. लोकांना ते आवडत नाही हेही त्याला ठाऊक होतं, म्हणून जरा अडखळतच.

"बाबा, आधीच स्पष्ट सांगतो, नंतर तक्रार नको. हा कळप बँकेकडं तारण राहील. राहील तुमच्याकडंच, चारायचा तुम्हीच. पण कर्ज फिटेपर्यंत तुम्हाला तो विकता येणार नाही."

मुंजाबानं मान वर केली. "इकायचा ठरिवला तरी?"

"तरी नाही. बँकेची परवानगी लागेल."

"अन् ह्यानं ठरिवलं तर?" त्यानं रामप्रसादकडं बोट केलं.

"त्यांनी ठरवलं तरी नाही."

मग म्हाताऱ्यानं पागोटं सारखं केलं, खुंटापाशी गेला आणि रामप्रसादला म्हणाला, जाळी उचल. रामप्रसादनं उचलली. पहिलं मेंढरू बाहेर आलं तसा मुंजाबानं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "एक."

तो मोजत राहिला. मोजलेली मेंढरं बाहेर निघाली आणि रोजच्यासारखी डोंगराकडं चालू लागली, कुठल्या गाडीत चढली नाहीत. शेवटचं मेंढरू निघालं, वाघर रिकामी झाली, आणि त्यानं आकडा सांगितला. तो मी इथं लिहिणार नाही. मुंजाबानं तो बँकेला सांगितला, तुम्हाआम्हाला नाही. चाळीसेक नव्हता, एवढं पुरे. सुयशनं कॅलक्युलेटरवर बोटं फिरवली, पोत्यांशी ताडून पाहिलं आणि म्हणाला, आता बसतंय. मंजुरी पुढं महिन्याभरात आली, संक्रांतीच्या आत. मशीन आलं, शेडही उभी राहिली.

पण त्या सकाळी एवढं काही झालेलं नव्हतं. सुयशनं दगडावर कागद पसरले, चाळीसवर काट मारून नवा आकडा लिहिला, मुंजाबाला सहीची जागा दाखवली. सत्यशीलानं लहानपणी त्याला पाटीवर सही शिकवली होती. त्यानं पेन धरलं आणि कागदाला टेकवता टेकवता थांबला.

"साहेब, ते इकता येणार नाय म्हनलात, ते किती वर्सं?"

"कर्ज फिटेपर्यंत. पाच वर्षं." सुयशला वाटलं, म्हातारा घाबरला. तो घाईघाईनं म्हणाला, "आधी फेडलंत तर आधीही मोकळं होता येईल, बाबा."

"तसं नव्हं," मुंजाबा म्हणाला. "धा करता येत्यात का बघा."